सरबत, बर्फ आणि सोवळे

'सरबत' हा शब्द उच्चारला की आपणा शहापूरकरांच्या डोळ्यांपुढे पेला उभा राहतो. उन्हाळ्यात लिंबाचे, कोकमाचे, क्वचित वाळ्याचे. दारी आलेल्या पाहुण्यास चहाऐवजी द्यावयाचे आणि त्याने ते प्यावयाचे. सरबत चमच्याने खातात असे कोणी म्हणाल्यास आपण त्याला वेड्यातच काढू. तथापि अमेरिकेत याच शब्दाचे भावंड असलेला 'शर्बेट' हा पदार्थ गोठवलेला असतो व चमच्यानेच खाल्ला जातो. फळाचा रस, साखर व अगदी थोडे दूध हे त्याचे घटक. तेथील नियमाप्रमाणे त्यात दुधाचा स्निग्धांश एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान असावा लागतो. दहा टक्के गाठले की त्याला आइस्क्रीम म्हणता येते. दूध मुळीच नसेल तर तो 'सॉर्बे'. मूळ शब्द मात्र एकच.

हा पदार्थ आपल्या गावातही होत असे. निदान आमच्या घरी तरी मे महिन्यात एकदोनदा होई, आणि त्यास आम्ही 'थिजवलेले सरबत' म्हणत असू. तूप थिजते तसे सरबत थिजले, इतका साधा तो शब्द. हे सरबत आमच्या घरात कसे शिरले याचा मागोवा घेताना मला एक गोष्ट जाणवली. थंडावा मिळवणे हा या इतिहासाचा एक भाग झाला. हे पाणी कोणाचे, हा प्रश्न त्याचा दुसरा भाग आहे, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. अरबी भाषेत 'पिणे' या अर्थाच्या धातूपासून 'शरबत' हा शब्द निघाला. फारसीतून तो आपल्याकडे आला आणि मराठीने त्याचे 'सरबत' केले. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांची जी यादी परंपरेने सांगितली जाते, तीत आबदारखाना व शरबतखाना अशी दोन वेगळी नावे येतात. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था एका खात्याकडे, तर औषधी व इतर पेयांची दुसऱ्याकडे. पाणी कोठून आले व कोणाच्या हातून आले यास राजदरबारी किती महत्त्व होते, हे त्यावरून ध्यानी यावे. हाच शब्द तुर्की मुलखातून इटलीत गेला व 'सॉर्बेत्तो' झाला. नेपल्सच्या आंतोनियो लातिनी याने १६९०च्या दशकात छापलेल्या आपल्या पाकग्रंथात गोठवलेल्या सॉर्बेत्तोच्या कृती दिल्या आहेत. पूर्वेकडे जे प्यावयाचे होते, ते पश्चिमेकडे जाऊन खावयाचे झाले.

आपल्याकडे थंडाव्याची विद्या नव्हती असे मात्र नाही. अबुल फजलने 'आइन-इ-अकबरी'त सोऱ्याने पाणी गार करण्याची रीत नोंदवली आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो. त्या द्रावणात बंद तोंडाची सुरई काही वेळ फिरवली म्हणजे आतील पाणी गार होते. पुढे अकबराचा मुक्काम पंजाबात पडल्यावर, सुमारे १५८६ पासून, उत्तरेकडील डोंगरांतून लाहोरास बर्फ येऊ लागले. सोऱ्याने पाणी गार होई, पण त्याने सरबत गोठत नसे. गोठवण्यास बर्फच हवे. गंगेच्या खोऱ्यात हिवाळ्यातील कोरड्या, निरभ्र रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवून पहाटे बर्फाचा पापुद्रा गोळा करीत. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली त्या रीतीचे वर्णन छापले आहे. आपल्या भागात ते शक्य नव्हते. बेळगावची थंडी कितीही बोचरी असली तरी येथील पारा शून्याच्या आसपासही उतरत नाही.

येथे आणखी एका शब्दाची गंमत सांगावीशी वाटते. 'कुल्फी' हा शब्द आणि आपले 'कुलूप' यांचे मूळ एकच, अरबी 'कुफ्ल'. कुल्फी म्हणजे झाकण घट्ट बसवलेले, जणू कुलूप लावलेले भांडे. पदार्थ कुलपाच्या आत आणि बर्फ कुलपाच्या बाहेर. ही रचना वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारी हकीकत तिच्याभोवती फिरते.

पश्चिम किनाऱ्यावर बर्फ आले ते समुद्रमार्गे, आणि तेही थेट अमेरिकेहून. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर हा तेथील तळ्यांतील बर्फ कापून, लाकडाच्या भुशात दडपून जहाजांनी परदेशी धाडीत असे. १८३३ साली त्याचे 'टस्कनी' जहाज कलकत्त्यास लागले. थोड्याच काळात मुंबईसही बर्फ येऊ लागले व १८४३ साली तेथे बर्फासाठी खास इमारत उभी राहिली. सर जमशेटजी जिजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि पाहुण्यांना पडसे झाले, ही त्या काळातील गोष्ट मुंबईच्या इतिहासकारांनी आवडीने सांगितली आहे. पुढे यंत्राने बर्फ तयार होऊ लागले आणि अमेरिकेचा व्यापार आटला.

पडशाची भीती लवकर ओसरली. विटाळाची मात्र ओसरली नाही. बर्फ म्हणजे पाणी, आणि पाणी कोणी भरले हे विचारल्याशिवाय ते पिऊ नये, हा तेव्हाचा आचार. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी दिलेल्या चहावरून केवढे वादळ उठले, ते सर्वश्रुत आहे. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही त्या पेल्याचा जाब द्यावा लागला. उकळलेल्या चहाची जर ही कथा, तर कोणत्या तळ्याचे व कोणाच्या कारखान्यातील हे ठाऊक नसलेल्या बर्फाचा खडा सोवळ्याच्या घरातील सरबतात कसा पडावा?

आता शहापुराकडे वळू. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला व तेथे छावणी वसली, परंतु शहापूर सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानातच राहिले. कपिलेश्वराच्या देवळापासून थोडी पावले चालले की राज्य बदलत असे. १८८०च्या दशकात रेल्वे आली. १९४८ साली संस्थान विलीन होऊन आपण मुंबई राज्यात गेलो व १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात. या गावाने कारभार अनेक पाहिले, पण स्वयंपाकघराची रसद मात्र जुन्याच वाटांनी येत राहिली. घाटाखालून, आंबोलीच्या व चोर्ल्याच्या वाटेने, कोकम आणि मीठ येई. वेंगुर्ले हे आपले बंदर आणि त्याच तालुक्यातील शिरोडे ही मिठागरांची जागा. मे १९३० मध्ये तेथे मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा आमच्या घरातील मोठ्यांना तो दूरचा वाटला नाही, असे आजोबा सांगत. तेच मीठ आमच्या मडक्यात होते.

मिठाचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण थिजवलेल्या सरबताचे मर्म मिठात आहे. निव्वळ बर्फ शून्य अंशावर वितळते. साखर घातलेले सरबत गोठण्यास मात्र शून्याच्याही दोनतीन अंश खाली जावे लागते. म्हणजे नुसत्या बर्फात भांडे दिवसभर पुरून ठेवले तरी सरबत गार होईल, पण थिजणार नाही. बर्फात जाडे मीठ मिसळले की बर्फ भराभर वितळू लागते, वितळण्यास लागणारी उष्णता भोवतालातून ओढून घेते आणि मिश्रणाचे तापमान शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत सहज उतरते. शास्त्रानुसार ते उणे एकवीसपर्यंत उतरू शकते. ज्या मिठावर १९४७ पर्यंत सरकारी कर होता, ते शेरादीडशेर मीठ एका दुपारी मोरीत वाहून जाऊ देणे हे त्या काळी कोणास परवडत असेल, याचाही विचार वाचकांनी करावा. गरिबाच्या घरी तेवढ्या मिठावर महिना निघे.

ही क्रिया घरगुती करणारे यंत्र १८४३ साली नॅन्सी जॉन्सन या फिलाडेल्फियाच्या बाईंनी सिद्ध केले व त्याचे पेटंट घेतले. लाकडी बादली, तिच्या मधोमध पत्र्याचा उभा डबा, डब्यात लाकडी पाते आणि वर फिरवावयाचा दांडा. यालाच आपण 'पॉट' म्हणतो. आमच्याकडील पॉट आजोबांनी १९४७ साली, कॅम्पातील एक गोरे कुटुंब मायदेशी निघाले तेव्हा, त्यांच्या सामानाच्या लिलावात घेतला. तो घरी आला त्या दिवशी आजीने त्याला अंगणाच्या आत येऊ दिले नाही. चिंच व राख लावून सात वेळा घासल्यावर तो ओसरीपर्यंत आला.

पुढचा प्रश्न बर्फाचा. आजी म्हणाली, "ते कुणाच्या विहिरीचं पाणी, ते सांगा आधी." आजोबांना ते सांगता येणे शक्य नव्हते. पण ते वकिलाकडे कारकुनी केलेले गृहस्थ होते. वाद जिंकण्याची वाट त्यांनी शोधली. ते म्हणाले, "बर्फ बाहेर राहणार. आत पाणी आपल्याच विहिरीचं. एक थेंब आत गेला तर टाकून देऊ." आजी दुपारभर विचार करीत राहिली. संध्याकाळी तिने स्वतः सोवळ्याने विहिरीचे पाणी काढले व कोकमे भिजत घातली. सरबतात बर्फाचा खडा टाकणे ज्या घरात अशक्य होते, त्या घरात बर्फाने गोठवलेले सरबत अशा रीतीने चालू लागले. झाकणाच्या आत सोवळे, बाहेर ओवळे. कुल्फीच्या कुलपाची ती युक्ती शहापूरच्या ओसरीवर पुन्हा कामास आली.

मला आठवते ती कृती १९७० च्या सुमाराची. ती येथे नोंदवून ठेवतो, कारण पॉट असलेली घरे आता थोडी उरली आहेत. घाटाखालून ताजी रातांबी आली तर त्यांच्या साली, नाहीतर बिनमिठाची वाळलेली कोकमे, रात्रभर पाण्यात भिजत घालावीत. सकाळी हाताने कुस्करून, फडक्याने गाळून घ्यावे. लिटरभर रसास तीनशे ते साडेतीनशे ग्रॅम साखर लागते. थंडीने जिभेस गोडी कमी जाणवते, म्हणून प्यावयाच्या सरबतापेक्षा हे अधिक गोड असावे. परंतु साखर फार झाली तर ते थिजतच नाही. चिमूटभर जिरेपूड आम्ही घालत असू. हे सरबत आधी माठाच्या ओल्या वाळूत ठेवून चांगले गार करावे. डबा दोनतृतीयांशच भरावा, कारण घुसळताना व गोठताना पदार्थ फुगतो. बादलीत चार भाग फोडलेले बर्फ व एक भाग जाडे मीठ असे थरावर थर द्यावेत. पहिली दहा मिनिटे दांडा सावकाश फिरवावा, मग वेगाने. फिरवणे थांबले की बर्फाचे मोठे कण धरतात व सरबत दाताखाली काचेसारखे लागते. अखंड फिरवले तर कण बारीक राहतात आणि ते जिभेवर विरघळते. वीसपंचवीस मिनिटांनी दांडा जड होतो. तेव्हा पाते काढून, डबा बंद करून, वर पोते झाकून तासभर मुरू द्यावे.

संत्र्याच्या किंवा आंब्याच्या सरबतात आत्या दूध घालीत असे. ते मात्र अर्धे थिजल्यावर, गार करून, थोडे थोडे. कोमट दूध आंबट रसात ओतले तर ते फाटते. अमेरिकेतील शर्बेटची रीत आत्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण दुधाचे प्रमाण ती ठेवी तेवढेच, बेताचे. कोकमात तिने कधी दूध घातले नाही.

सर्वांत जपावयाचे ते बादलीच्या कडेचे भोक. वितळलेले खारे पाणी त्यातून वाहत राहिले पाहिजे. ते तुंबून झाकणापर्यंत चढले की आत शिरते आणि सारे सरबत खारट होते. आजीच्या सोवळ्याचा आणि जिभेच्या चवीचा नियम येथे एकच होता.

बर्फ आणून देणारा गृहस्थ हातगाडीवर भुशात व पोत्यात गुंडाळलेली लादी घेऊन येई. ओसरीवर तो ती फोडी. दांडा जड झाला म्हणजे आम्हा मुलांचे हात थकत, तेव्हा शेवटची दहा मिनिटे तोच फिरवी. त्याचा हात दांड्यास लागे, आतल्या पदार्थास लागत नसे. म्हणून ते चालत असे. सरबत झाले की त्याचा वाटा त्याला मिळे, ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेल्या जर्मलच्या पेल्यात. तो पेला घरात येत नसे. तोच तो विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवी. ज्या झाकणामुळे आजी सरबत खाऊ शकली, त्याच झाकणामुळे आम्ही त्याच्या श्रमाचे फळ त्याला न शिवता खाऊ शकलो. हे लिहिताना मला संकोच वाटतो. पण घराचा इतिहास लिहावयाचा तर सोयीचा तेवढाच भाग लिहून चालत नाही.

एका वर्षी भोकाशी बसून ते मोकळे ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. माझे लक्ष नव्हते. भुशाने भोक बुजले, खारे पाणी झाकणावर चढले. डबा उघडला तर वरचा थर खारट. घरात शांतता पसरली. आजोबांचे वचन सर्वांना ठाऊक होते: एक थेंब गेला तर टाकून देऊ. तेव्हा ओसरीवरून बर्फवाला म्हणाला, "टाकू नका आजी. घट्ट झालंय की, पाणी खाली उतरणार नाही. वरचं दोन बोटं काढा, खालचं चांगलं असतंय बघा." कोणी पुढे होईना. खात्री करावयाची तर आत चमचा घालून चाखावयास हवे होते. आजीने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बघ की मग तूच चाखून." त्याने वरचा थर काढला, चमच्याने खालचे घेऊन चाखले व मान हलवली. आम्ही सर्वांनी ते सरबत खाल्ले. आजीने त्या दिवशी खाल्ले नाही. पण खाऊ नका असेही म्हणाली नाही.

पुढच्या मे महिन्यात त्याला आमच्यासारख्याच काचेच्या बशीत मिळाले. जर्मलचा पेला कोनाड्यात दिसला नाही. तो कोणी काढला हे मी कधी विचारले नाही. बसावयाची जागा मात्र ओसरीचीच राहिली. फार मोठे परिवर्तन झाले असे सांगण्याचा मोह मी टाळतो. पेला गेला, एवढे खरे.

पुढे माझी नोकरी महसूल खात्यात, उत्तर कर्नाटकातील तालुक्यांत झाली. दुष्काळाच्या वर्षी गावोगाव टँकर जात. प्रत्येक खेपेच्या नोंदवहीत एक रकाना असे: पाणी कोठल्या विहिरीचे? तो रकाना भरताना मला हटकून आजी आठवे. प्रश्न तोच होता. फरक इतकाच की रकान्याला विहीर हवी होती, विहिरीवर पाणी भरणाऱ्याची जात नको होती. पाण्याची चौकशी करणे हे शहाणपण. पाणी देणाऱ्याच्या कुळाची चौकशी करणे हा अन्याय. आमच्या पूर्वजांनी ही दोन्ही एकाच शब्दात, 'सोवळ्या'त, बांधून ठेवली होती. ती सोडवून वेगळी करावयास आम्हाला फार काळ लागला.

शहाणपणाचा भाग आजही जुना झालेला नाही. मासळी किंवा दूध गार ठेवण्यासाठी जे बर्फ काढतात ते पिण्याच्या पाण्याचे असतेच असे नाही. म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात, खाण्यास अयोग्य बर्फ निळसर रंगाचे असावे असा नियम करण्यात आला. रस्त्यावरील सरबतात पडणारा खडा पांढरा आहे की निळसर, हे पाहणाऱ्या आजच्या गृहिणीचा प्रश्न आणि आमच्या आजीचा प्रश्न यांत तेवढे नाते जरूर आहे.

आता घरोघरी शीतपेट्या आहेत व त्यांच्या बर्फाच्या कप्प्यात उणे अठरा अंशांपर्यंत थंडी असते. पॉट नसला तरी थिजवलेले सरबत करता येते. गार कोकम सरबत पसरट स्टीलच्या डब्यात ओतावे, वर घट्ट झाकण लावून आत ठेवावे आणि दर अर्ध्या तासाने काट्याने कडेपासून खरवडून ढवळावे. चारपाच वेळा असे केले की कण मोठे धरत नाहीत. मीठ नको, बर्फाची लादी नको, दांडा फिरवणारा कोणी नको. एकट्याने होते.

आमचा पॉट अजून घरात आहे. बादलीच्या फळ्या वाळून सुटल्या आहेत. पाणी भरून दोन दिवस ठेवले तर त्या फुगून पुन्हा मिळतील असे वाटते. येत्या मे महिन्यात रातांबी आली की एकदा करून पाहण्याचा विचार आहे. भोकाशी मीच बसेन.